जखमी घुबड, घार सापडली तर



गेल्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. त्यांच्या विहिरीत घुबड पडले होते. मुलांनी टोपली सोडून ते वर काढले आणि एक पंख लोंबत होता म्हणून घरी आणले. पत्रात त्यांनी विचारले आहे, "दोन दिवस झाले. दूध-भाकर दिली, भात दिला, काही खात नाही. काय द्यावे?"

पत्रावर फोन नंबर नव्हता. पत्र माझ्या हाती येऊन त्याचे उत्तर छापून त्यांच्या घरी जाईपर्यंत त्या पक्ष्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असणार. त्या कुटुंबाची माया खरी होती, पण त्या मायेला माहितीची जोड नव्हती. असा प्रसंग उद्या तुमच्याही विहिरीवर, द्राक्षबागेच्या जाळीत किंवा रस्त्याच्या कडेला येऊ शकतो. म्हणून आजचे पान या विषयाला दिले आहे. घरात सर्वांना वाचून दाखवावे, मुलांना तर अवश्य.

हे पक्षी आपले कोण?

घार, शिक्रा, कापशी, ससाणा, गरुड, घुबड, पिंगळा हे सारे शिकारी पक्षी. बाकदार चोच आणि धारदार नख्या ही त्यांची ओळख. कापशी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि खाली उंदीर दिसताच झेप घेते. पिंगळा शेताच्या बांधावरचे किडे आणि लहान उंदीर टिपतो. गव्हाणी घुबड, म्हणजे पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे, पडक्या वाड्यात आणि जुन्या विहिरीच्या कपारीत राहणारे घुबड, रात्रभर उंदीर मारते. घरट्यात पिल्ले असली की नर-मादी रात्रीत अनेक खेपा करतात आणि बहुतेक खेपेला चोचीत उंदीरच असतो. आपण उंदरांसाठी औषध विकत आणतो, ते मिसळतो, बिळाबिळांत टाकतो. हा गडी तेच काम बिनपगारी करतो.

तरीही घुबड म्हटले की आपल्याकडे दगड उचलला जातो. घुबड घरावर बसले तर अपशकुन होतो, त्याला मारलेला दगड ते झेलून पाण्यात घासत बसते आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो, असे लहानपणी आपण सर्वांनी ऐकले आहे. यात तिळमात्र तथ्य नाही. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावी इला फाउंडेशन या संस्थेने २०१८ पासून घुबडांचा उत्सव भरवायला सुरुवात केली. शाळेच्या पोरांनी घुबडांची चित्रे काढली, नाटुकली केली. ज्या पक्ष्याला हाकलायचे त्याचाच एका गावाने उत्सव केला, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या तासाचे काम

पत्रातला प्रश्न होता, "काय द्यावे?" उत्तर सोपे आहे: काही देऊ नये. ऐकायला निर्दय वाटेल, पण कारण ऐका.

जखमी पक्षी आधी घाबरून मरतो, उपासाने नंतर. माणूस म्हणजे त्याच्या लेखी त्याला खाणारा मोठा प्राणी. सभोवती दहा माणसे, कुत्र्याचे भुंकणे, मुलांचे हात, मोबाईलवर फोटो काढण्याची गर्दी, यानेच त्याचे हृदय बंद पडू शकते. म्हणून पहिले औषध म्हणजे अंधार आणि शांतता. दुसरे असे की पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चमच्याने किंवा बोळ्याने पाणी पाजले की ते सरळ फुप्फुसात जाते. तिसरे म्हणजे दूध पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. भाकर-भात हे मांस खाणाऱ्याचे अन्नच नव्हे. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या पक्ष्याला एकदम मांस भरवले तर तेही त्याच्या जिवावर बेतते. त्याला आधी मापात पाणी आणि क्षार द्यावे लागतात, ते काम डॉक्टरांचे.

तेव्हा करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

१. मुलांना आणि कुत्र्यांना दूर करा. खोका आधी तयार ठेवा, पक्षी नंतर उचला. पुठ्ठ्याचा खोका पक्ष्याहून थोडाच मोठा असावा. पक्षी आत ठेवण्यापूर्वीच त्याला बाजूने, खालच्या अंगाला भोके पाडावीत. तळाला जुने लुगडे किंवा स्वच्छ गोणपाट अंथरावे. बुरसट कडबा किंवा भुसा अजिबात घालू नये. त्यातल्या बुरशीने शिकारी पक्ष्यांच्या फुप्फुसांना रोग होतो आणि तो बरा होणे फार अवघड.

२. पक्ष्यावर मागच्या बाजूने जाड चादर किंवा घोंगडी टाका. डोळ्यांपुढे अंधार आला की तो बराचसा शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पाय धरून उचला. या पक्ष्यांचे हत्यार पाय आहे, चोच नव्हे. हाताला जाड कापड गुंडाळा आणि आपले तोंड लांब ठेवा. नख्या हातात रुतल्याच तर ओढाओढ करू नका. पक्ष्याचा पाय हळूच सरळ ताणला की पकड आपोआप ढिली होते.

३. खोक्यात ठेवा, झाकण लावा, सुतळीने बांधा आणि घरातल्या शांत, उबदार कोपऱ्यात ठेवा. चुलीजवळ नको आणि उन्हातही नको. दर दहा मिनिटांनी उघडून "जिवंत आहे का" पाहू नका. पायाला दोरी बांधून पक्ष्याला खांबाला अडकवू नका. तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नका, तारेवर आपटून त्याची पिसे मोडतात. कोंबड्यांच्या डालग्याखाली तर मुळीच नको.

४. मोडलेल्या पंखाला काड्या बांधू नका, हळद-चुना लावू नका. बांधणे चुकले की हाड वाकडे जुळते आणि तो पंख पुन्हा कामाचा राहत नाही.

५. जाळीत किंवा मांज्यात अडकलेला पक्षी असेल तर त्याला ओढून काढू नका. सभोवतालची जाळी कापा आणि अंगाभोवतीचा तुकडा तसाच ठेवून पक्षी खोक्यात घाला. आवळलेल्या जागी रक्त पोचलेले नसते. वरून धडधाकट दिसणारा पंख चार-पाच दिवसांनी सडतो. म्हणून "सुटला, उडाला, झाले" असे म्हणून लगेच सोडू नये.

६. विजेच्या तारेवर पक्षी लटकला असेल तर काठी-बांबू घेऊन धावू नका. वायरमनला बोलवा. पक्ष्यासाठी माणूस गमावायचा नाही.

७. पक्षी उचलल्यावर हात साबणाने धुवा. एकाच ठिकाणी पुष्कळ पक्षी मेलेले आढळले तर मात्र कशालाही हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. तो साथीचा रोग असू शकतो.

आणि हे सर्व करता करताच फोन करा. वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालय यांना, अथवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचीही मदत घ्यावी. पुण्याजवळ बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांची उपचार केंद्रे आहेत. वन विभागाची माणसे तुमचा पक्षी जवळच्या सोयीच्या ठिकाणी पोचवतात.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हे पक्षी मारणे, धरणे किंवा पाळणे गुन्हा आहे. जखमी पक्ष्याला मदत करणाऱ्याने भिण्याचे कारण नाही, पण असा प्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत कळवून तो सरकारी अधिकाऱ्याच्या हवाली करायचा असतो. "बरा करून मग सांगू" असे म्हणत आठ-पंधरा दिवस घरी ठेवणे पक्ष्याच्या हिताचे नाही आणि तुमच्याही नाही.

जगवणे वेगळे, परत उडवणे वेगळे

आता तुम्ही विचाराल, केंद्रात असे काय करतात जे आम्हाला घरी जमणार नाही? आपण बैलाचा पाय मोडला तर पट्टी बांधतो. बैल थोडा लंगडला तरी दावणीला उभा राहून वैरण खातो. शिकारी पक्ष्याला दावण नाही. त्याला रोज आपले पोट आपल्या पंखांवर भरायचे असते. पंख शंभरातले नव्वद बरा झाला तरी चालत नाही. उडताना वळण चुकले की उंदीर सुटला आणि असे चार दिवस गेले की पक्षी संपला. म्हणून नुसता जगलेला पक्षी बरा झालेला नसतो. तो पुन्हा शिकार करू लागला तरच बरा झाला म्हणायचे.

पक्ष्याची हाडे पातळ आणि बरीचशी पोकळ असतात. ती लवकर मोडतात, पण जुळतातही लवकर, दोन-तीन आठवड्यांत. पंख बांधून ठेवतात तो नेमका तितकाच काळ. जास्त बांधून ठेवला तर सांधा आखडतो. म्हणून मधून मधून पंख हळूच ताणून व्यायाम देतात. हाड मधोमध मोडले असेल तर आशा बरी असते, सांध्याजवळ मोडले असेल तर फार कमी.

मग पिसांचे. उडण्याची मोठी पिसे मोडली तर ती नखासारखी वाढत नाहीत. पुढच्या वेळी पिसे झडून नवी येईपर्यंत पक्ष्याला थांबावे लागते, त्यात कित्येक महिने जातात. यावर ससाणे पाळणाऱ्या जुन्या लोकांनी एक युक्ती काढली होती, ती आजही वापरतात. मेलेल्या पक्ष्याचे त्याच मापाचे पीस घेऊन, मोडक्या पिसाच्या पोकळ देठात बांबूची बारीक काडी घालून ते चिकटवतात. आपण आंब्याला कलम करतो तसेच हे पिसाचे कलम! फरक इतकाच की आंब्याचे कलम जीव धरते आणि हे पीस पुढच्या झडतीला गळून खरे पीस येते.

खाण्यातही मेख आहे. नुसते बिनहाडाचे मांस दिले तर पिल्लांची हाडे चुन्याअभावी मऊ पडून वाकतात. हे पक्षी अख्खा उंदीर खातात, हाडांसकट आणि केसांसकट. न पचलेले केस आणि हाडे यांची गोळी करून नंतर तोंडावाटे टाकतात. जुन्या वाड्यात घुबडाच्या जागेखाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. एखादी फोडून पाहा, आत उंदरांच्या कवट्या मिळतील. घुबड काय खाते याचा याहून चांगला पुरावा नाही.

बरे होत आलेल्या पक्ष्याला मोठ्या, लांब पिंजऱ्यात ठेवतात. गज उभे असतात, म्हणजे पिसे अडकत नाहीत. बाजूला पडदे असतात, म्हणजे माणूस दिसत नाही. तिथे तो उडून उडून दमसास कमावतो, जमिनीवरची शिकार धरतो. घुबडाचे तर कानही तपासावे लागतात. गव्हाणी घुबड ठार काळोखात नुसत्या खसखशीवरून उंदीर धरते. त्याचे दोन कान डोक्यावर थोडे वर-खाली असतात, त्यावरून आवाज नेमका कोठून आला ते त्याला कळते. एक कान निकामी झाला तर पंख शाबूत असूनही ते घुबड उपाशी मरेल.

हे सारे जमले की सोडण्याचा दिवस येतो. मोठा पक्षी शक्यतो जिथे सापडला तिथेच सोडतात, कारण तिथली झाडे, पाणी, शिकारीच्या जागा त्याच्या ओळखीच्या असतात आणि त्याची जोडीदारही तिथेच असू शकते. घार-शिक्रा सकाळी सोडतात, घुबड तिन्हीसांजेला. म्हणूनच पक्षी देताना तो नेमका कोणत्या विहिरीत, कोणत्या गटात, कोणत्या दिवशी सापडला ते लिहून द्या. ती चिठ्ठी म्हणजे त्याचा परतीचा पत्ता.

सगळेच पक्षी परत जातात असे मात्र नाही. काही दगावतात. काहींचा पंख कायमचा जातो, त्यांना जन्मभर सांभाळावे लागते किंवा वेदना फार असतील तर डॉक्टर शांतपणे मरण देतात. हे कटू आहे, पण खरे आहे. आणि यातल्या कित्येकांचे नशीब पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

पिल्लांविषयी दोन शब्द

घुबडाची पिल्ले दीड-दोन महिने घरट्यात असतात. उडायला शिकताना ती खाली पडतात. पांढऱ्या लवेची, मोठ्या तोंडाची ती पिल्ले पाहून लोक घाबरतात किंवा उचलून घरी आणतात. पिल्लू जखमी नसेल तर त्याला घरट्यात, नाहीतर जवळच्या फांदीवर किंवा टोपली टांगून तीत ठेवावे आणि लांब व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. रात्री ती येते आणि भरवते.

पिल्लू घरी वाढवण्याचा मोह मुलांना होतोच. त्यांना नीट समजावून सांगा. डोळे उघडल्यापासून माणसाच्या हातून खाणारे पिल्लू माणसालाच आपला समजते. मोठे झाल्यावर ते जोडीदार शोधत नाही, शिकार करत नाही आणि भूक लागली की माणसाच्या अंगावर येते. मग लोक त्याला काठीने मारतात. पक्ष्याला आपल्याला विसरू देणे हीच त्याच्यावरची खरी माया.

दिल्लीच्या दोन भावांची गोष्ट

दिल्लीत वझिराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ राहतात. ते पशुवैद्य नव्हेत. पतंगाच्या मांज्याने कापलेल्या घारींना मांसाहारी म्हणून दाखल करून घ्यायला जागा मिळेना, तेव्हा २००३ पासून त्यांनी आपल्या घरीच त्यांची शुश्रूषा सुरू केली. तरुणपणी व्यायामाच्या नादात स्नायूंची माहिती झाली होती, बाकीचे ते शिकत गेले. धातूच्या वस्तू बनवण्याचा छोटा धंदा सांभाळून तळघरात उपचार आणि गच्चीवर पिंजरा असे त्यांचे काम चाले. हजारो घारी त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्यावर २०२२ मध्ये "ऑल दॅट ब्रीद्स" हा माहितीपट निघाला आणि तो जगभर गाजला. साधी माणसे काय करू शकतात ते यावरून कळते. पण त्यामागे वीस वर्षांचा सराव आहे, तेव्हा ही गोष्ट वाचून कोणी घरी सुई-दोरा हातात घेऊ नये.

जखम होऊच न देणे आपल्या हाती

एक पक्षी बरा करायला महिने लागतात, जखमी करायला क्षण पुरतो. म्हणून शेतकऱ्याचे मोठे काम उपचाराच्या आधीचे आहे.

उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखे औषध वापरले की उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस गुंगीत फिरतो. तोच घुबडाच्या सहज हाती लागतो आणि विष घुबडाच्या अंगात उतरते. पुढे त्याला आतल्या आत रक्तस्राव होतो. औषध वापरलेच तर रोज सकाळी मेलेले आणि पेंगणारे उंदीर गोळा करून खोल पुरावेत. फवारणीचेही तसेच. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात टोळ-नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले. ते किडे खाण्यासाठी उत्तर अमेरिकेतून आलेले स्वेनसन जातीचे हजारो शिकारी पक्षी शेतांत मरून पडले. शेतकऱ्यांचे किडे फुकट खाणारी फौजच शेतकऱ्यांच्या औषधाने गेली. तिथे त्या औषधाचा वापर थांबवल्यावर अशा मोठ्या मरतुकी थांबल्या.

आपल्याकडे गिधाडांचे तेच झाले. जनावरांना वेदनेसाठी दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झाले, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये, निमेसुलाईड २०२४ च्या अखेरीस. गाई-बैलाला इंजेक्शन देताना डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमची मागणी करा. ते गिधाडांना अपाय करत नाही.

बाकीच्या गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. विहिरीला कठडा आणि वर जाळी घाला, त्याने तुमची पोरेही सुरक्षित राहतील. बागेची जाळी ताणून बांधा आणि हंगाम संपला की गुंडाळून ठेवा. ढिली जाळी म्हणजे फासच. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, संक्रांतीला मुलांना तो आणून देऊ नका आणि शिवारात अडकलेला दिसला तर गोळा करून टाका. शेतात पक्षी थांबे रोवा, जुने ढोलीचे झाड शक्यतो राखा. तोडलेच पाहिजे तर ढोलीत पिल्ले नाहीत याची आधी खात्री करा.

हा लेख कापून घराच्या दारामागे चिकटवावा, शेजारी १९२६ हा क्रमांक आणि आपल्या वनरक्षकाचा फोन नंबर लिहावा. किराणा दुकानातून एक रिकामा खोका आणून माळ्यावर टाकून ठेवावा. ज्यांचे पत्र आले त्या वाचकांनी आपल्या घुबडाचे पुढे काय झाले ते अवश्य कळवावे आणि या वेळी पत्रावर फोन नंबर लिहावा.

पुढील अंकी साठवणीच्या धान्यातील किडींविषयी.

— कृषी विस्तार अधिकारी